साहेबाच्या हातून निसटलेला मासा

मासे सगळेच धरतात हो, पण धरून सोडणारा मी एकच पाहिलाय. लढाईच्या सालात, प्रवरेत मासे चढणीला लागले की नगरच्या छावणीतला एक गोरा साहेब रात्री गळ टाकायला यायचा. कंदील धरायला मी. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही, नुसती कोंबड्याच्या पिसांची माशी बांधलेली. ‘पिसं कोन खाईल?’ असं मी म्हणतोय तोवर हातभर मासा लागला. साहेबानं तो उलटसुलट बघितला, गळ काढला आणि मासा पाण्यात.

मला वाटलं, निसटला. आता आपली धडगत नाही. खालच्या अंगाला माझा मामा जाळं लावून बसला होता, त्याला हाक मारली. ओठाला गळाची खूण असलेला तोच मासा मामानं आणून अदबीनं साहेबापुढं धरला. साहेबानं परत सोडला. मामानं परत आणला. तिसऱ्यांदा साहेब कपाळाला हात लावून खडकावर बसला.

मामानं मला बाजूला घेतलं. “त्याच्या हातात दम न्हाई रं. ह्यो मासा घरी नेऊन कालवण करूनच आनतो. मंग कुटं पळतोय बगू.”