भावाला डब्यातून दिलेल्या औषधाबाबत

मी, अटकेतील लिफ्ट मिस्त्रीची थोरली बहीण, वय ४७, धंदा शिक्षिका, राहणार जलकार्यालयामागील वसाहत, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या धाकट्या भावास पाण्यात, अन्नात कोणी विष घालते असा भ्रम होतो. त्याच भरात त्याने जलकार्यालयाच्या काचा फोडल्या. म्हणून तो येथील तुरुंगात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही.

घरी तो औषध घेत असे. गोळीचे पाकीट त्याच्यासमोर फोडायचे, नाव त्याने वाचायचे, मग तो गिळायचा. तुरुंगात पाकिटाच्या पत्र्याची धार चालत नाही, म्हणून गोळ्या सुट्या, कागदाच्या पुडीत देतात. पुडीतली गोळी त्याने नाकारली. तुरुंगात आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की सक्ती करायची तर न्यायालयाचा हुकूम आणा. तो कोणी आणला नाही.

तो फक्त माझ्या डब्यातले खात असे. डबा फाटकावर तपासून आत जातो. गेल्या भेटीत त्याने जाळीपलीकडे घास घेतला, थुंकला आणि म्हणाला, "ताई, तूसुद्धा?" मी तो डबा परत मागून घेतला. भाजी चाखली. कडू होती. तळाशी पांढरी पूड होती.

तुरुंगाच्या कंपाउंडरला विचारले. तो म्हणाला, "बाई, ओरडू नका. तुमच्या हातचं खातो, म्हणून तर गोळी कुटून त्यात घातली."

तुरुंगाधिकारी म्हणाले, "वेड्याची परवानगी मागत बसलो तर बरॅक कोण सांभाळणार? तुमची भाषणं?"

मी म्हणाले, "साहेब, आजवर त्याचा भ्रम होता. तुम्ही तो खरा करून दाखवलात."

"फार बोलता हो तुम्ही."

डबा मी फेकला, हे खरे आहे. टेबलावर फेकला. भाजी साहेबांच्या गणवेशावर उडाली. माझ्याविरुद्धच्या तक्रारीत त्यांनी लिहिलेला सरकारी कामातला अडथळा कोणता, ते त्यांनीच सांगावे. विष कालवण्याचे काम सरकारी असेल, तर अडथळा केला.

त्या दिवसापासून भावाने अन्नाला हात लावलेला नाही. आता तुरुंगाने सक्तीच्या इंजेक्शनसाठी न्यायालयात अर्ज केला आहे. कारण दिले आहे, 'अन्न नाकारतो, सख्ख्या बहिणीवरही संशय घेतो.' डब्याचा त्यात उल्लेख नाही.

भाऊ बरा व्हावा असे वाटत नाही का, असे विचारल्यावरून सांगते की, वाटते. त्याला औषध हवे, आजच हवे. ते रुग्णालयात, न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे ऐकल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत द्या. कैदी झाला म्हणून त्याचे तोंड तुरुंगाच्या मालकीचे होत नाही. आणि डब्यात काय घातले ते कंपाउंडरने त्याच्यासमोर कबूल करावे. मी सांगून उपयोग नाही. त्याच्या लेखी आता मी त्यांच्यातलीच आहे.

इंजेक्शनच्या संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही केल्यास माझ्याविरुद्धची तक्रार मागे घेऊ, असा निरोप साहेबांनी इथल्याच हवालदारांकरवी दिला. तक्रार राहू द्या.

हा जबाब मला ऐकवला, मी स्वतःही वाचला. बोलले तसाच उतरला आहे. सही याच कागदावर करते, त्या कागदावर करणार नाही.