टोपलीत किल्ली ठेवणारी गल्ली

अलेक्झांड्रियात बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे तांताहून आलेल्या मायलेकी होत्या आणि त्यांच्यापुढे बेकरीच्याच गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या उम्म हानी.

"मावशी, इथं जागा घेतोय. पोरीला कॉलेजातून यायला अंधार होतो. गल्ली कशी आहे?"

"वर बघ. बाल्कनीतून सोडलेली माझी टोपली सकाळपासून लोंबकळतेय. आत घराची किल्ली आहे. कुणाची टाप आहे हात लावायची!"

"एवढा वचक?"

"इथं खिडकीखिडकीत एकेक म्हातारी बसलीय, बाई. काल तुम्ही तीन वाजता आलात आणि दारातच तुझी चप्पल तुटली."

"अगंबाई! मग पोरीची काळजीच मिटली."

"मिटलीच. फक्त कोपऱ्यावरून तिला हात करत होता, तो मोटारसायकलवाला कोण?"

"कुठला मोटारसायकलवाला?"

"आई, आपण दुसरी गल्ली बघू या."