मीटरपेटीमागचा खिळा

मागच्या आठवड्यात हे कुलूप बसवायला तुम्हीच आला होतात ना, भाऊ? — मग असं काय बघता, कुलूप चांगलंच आहे तुमचं, बिघडलं ते माझं डोकं. तुम्ही काढा ते, मी बसते इथे स्टुलावर. हात? काही नाही हो, पडले. या वयात माणूस पडतंच. तर तेव्हा तुम्ही तीन किल्ल्या दिल्यात — एक सुनेला, एक मला, आणि तिसरीचं मी काय केलं असेल? बाहेर मीटरपेटी आहे ना, तिच्यामागे एक खिळा आहे — तिथे नेऊन टांगली. कुलूप नवं, किल्ली नवी, खिळा जुना. आमच्या घरची रीतच ती, लेक शाळेत जायला लागला तेव्हापासूनची — मी कामावर, तो लवकर घरी येणार, उपाशी पोर दारात ताटकळायला नको. आणि कुलूप कशासाठी बदललं होतं? तो आत येऊ नये म्हणून. म्हणजे चोरासाठी कुलूप आणि चोरासाठीच किल्ली — चोर नव्हे हो, मुलगा आहे माझा, जीभ घसरली.

सुनेला मारायचा. तिने शेवटी कोर्टातून आदेश आणला — त्याने या घरात पाऊल टाकायचं नाही, तिला फोन करायचा नाही, नातीच्या शाळेपाशी घुटमळायचं नाही. मी गेले होते ना साक्षीला. कारकुनाने विचारलं, तुम्ही तिच्या आई का? म्हटलं, सासू. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. सुनेच्या बाजूने आलेली सासू — तिकीट लावलं असतं तर गर्दी झाली असती. तिथल्या संरक्षण अधिकारी बाई म्हणाल्या, "आजी, तुमचंही नाव घालू अर्जात. तिला मदत करणाऱ्यांनाही त्याने त्रास द्यायचा नाही, असं मागता येतं." मी ऐटीत म्हटलं, "माझं कशाला? मी आई आहे त्याची, मला काय करणार तो?" बाईंनी नुसतं पेनाला टोपण लावलं.

परवा दुपारी आला. बेल नाही, काही नाही, किल्ली फिरली आणि हा दारात. सून नातीला घेऊन न्हाणीघरात शिरली, आतून कडी घातली. मी हात आडवे करून उभी — लहानपणी चिखलाच्या पायांनी यायचा तेव्हा उभी राहायचे ना, अगदी तश्शी. "पाय बाहेर घे," म्हटलं. बघा आता, एवढा बाप्या माणूस, आणि मी त्याचे पाय बघतेय. — हो, तेव्हाच पडले. पडले म्हणजे — तुम्ही ते स्क्रू घट्ट करा हो नीट — पाडलं. त्याने पाडलं. झालं, सांगितलं.

पोलीस येईपर्यंत तो पसार. त्यांनी विचारलं, कुलूप फोडलं? नाही. खिडकी? नाही. मग आला कसा? किल्लीने. किल्ली कुठून आली? — सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, हाताची सवय हो, दुसरं काय. सून मला कधी उलटून बोलत नाही. तेवढंच विचारलं तिने, "आई, विसरून टांगलीत ना?" मी हो म्हटलं. आता तुम्ही परके, आज इथे, उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात, म्हणून सांगते — विसरून कुठली. थंडी होती त्या दिवशी. वाटलं, कुठे झोपत असेल हा. एवढंच वाटलं आणि हात गेला खिळ्याकडे. नात अजून न्हाणीघराची कडी लावून बघते, बसते की नाही ती. आणि मी त्याच्या पांघरुणाची काळजी करतेय. हसा तुम्ही, मलाही हसू येतं. — नाही येत खरं तर.

झालं? नको नको, माझ्या हातात नको, सगळ्या किल्ल्या सुनेच्या हातात द्या. मी बेल वाजवून येईन. कोण, म्हणून विचारलं तर माझं नाव सांगेन, माझ्याच घरात. त्या बाईंनाही मघाशी फोन केला, म्हटलं घाला माझंही नाव. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, चांगल्या आहेत. आणि जाता जाता तो खिळा उपटा बघू. — निघत नाही? राहू द्या मग, किल्लीच नसली तर खिळा काय करणार. निघा आता तुम्ही, माझी बडबड काय, संपायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आला, मीटरपेटीमागे हात घालून त्याने चाचपलं, आणि मग "आई, आई" म्हणत दार वाजवत राहिला. आईने दार उघडलं नाही, पोलिसांना फोन लावला आणि पलीकडून विचारल्यावर त्याचं पूर्ण नाव सांगितलं.