शाळेच्या फाटकातली हत्तीण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख आदरणीय धर्माजीभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मुख्याध्यापक कमलाकांत सर, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि देणगीदार भाग्येश, शिक्षक मंडळी, केळव्यातले गावकरी, आणि सतरंजीवर मघापासून चुळबुळ करणाऱ्या मुलांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सुगंधा. फाटकातला सिमेंटचा हत्ती ज्यांनी घडवला, त्या पंढरी गवंड्यांची बायको. ते गेल्यावर घरात बसवेना, तेव्हा सरांनी शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट मला उघडून दिलं. ‘काय हवं ते न्या, सुगंधावहिनी,’ एवढंच म्हणाले. सातवीच्या पुढचं माझं जे काही शिक्षण आहे, ते त्या कपाटातलं. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच आज जे बोलणार आहे, ते बोलायला जड जातंय.

कार्यक्रम असा ठरलाय, की माझं भाषण झालं की मी फीत कापायची आणि मग भाग्येशच्या बोईसरच्या कारखान्यातून आलेले हे फायबरचे सुळे हत्तीला बसवायचे. ‘तुम्ही आधी हत्तीविषयी थोडी रंजक माहिती सांगा, मुलांना मजा येईल,’ असं सरांनी सांगितलं. सांगते.

मुलांनो, हत्तीच्या सोंडेत एकही हाड नसतं. नुसते स्नायू, हजारोंनी. त्याच सोंडेने तो ओंडका उचलतो आणि त्याच सोंडेने शेंगदाणाही उचलतो. एवढं धूड, पण चालतं चवड्यावर. टाचेखाली चरबीची गादी असते, म्हणून पावलाचा आवाज येत नाही. बाहेर दिसतात ते सुळे चावायच्या कामाचे नाहीत. चावायचे दात आत, गालात. ते झिजले की मागून नवे पुढे सरकतात. आयुष्यात असे एकूण सहा संच. शेवटचे झिजले की म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही, आणि मग तो फार दिवस काढत नाही.

हसताय? हसा. आता मोठ्यांसाठी माहिती. आपल्या देशातल्या हत्तिणीला असे लांब सुळे नसतात. असले तरी लहानसे, ओठाबाहेर जेमतेम दिसणारे. काही नरांनाही नसतात, ते खरं आहे. पण आपल्या फाटकातली ही मादी आहे. हत्तीण आहे ती!

हे मी आज पहिल्यांदा सांगत नाही. समितीच्या बैठकीत सांगितलं. ‘वहिनी, तुमचं वाचन दांडगं हो,’ म्हणाले आणि चहा आला. पुन्हा सांगितलं, तर धर्माजीभाऊ, तुम्ही काय म्हणालात? ‘आवं वैनी, गणपतीत लोक तिला कुंकू लावतात, हार घालतात. दात नाय त हत्ती कसला? तोंड कसं ओकंबोकं दिसते!’ सगळे हसले. भाऊ, तुम्ही मनाने वाईट नाही, मला माहीत आहे. पण हे गेल्यावर माझ्या गळ्याकडे बघूनही कोणीतरी अगदी हेच म्हणालं होतं. ओकंबोकं. ज्याच्या अंगावर जे नाही, ते नसूनही ते पुरं असू शकतं, हे समजायला माणसांना एवढं जड का जातं?

स्नेहल मॅडम घड्याळ दाखवताहेत. मॅडम, हत्तीण पोटात पिल्लू जवळजवळ बावीस महिने वागवते. मला अजून चार मिनिटं द्या.

हे बोईसरला एका कारखान्याच्या प्लास्टरच्या कामावर होते, तेव्हाची गोष्ट. रस्त्याने एक माहूत हत्ती घेऊन चालला होता. हे जेवणाच्या सुट्टीत शेंगदाणे खात उभे. तिने सोंड पुढे केली आणि यांच्या तळहातावरचा एकच दाणा उचलला. यांनी विचारलं, ‘इसका दात किधर गया?’ माहूत म्हणाला, ‘हथिनी है, भैया. इसको काहे का दात?’ घरी आले तर जेवायचं सोडून मला हात दाखवत बसले. ‘बघ, इथून उचलला. एवढं मोठं जनावर, पण नखभर धक्का लागला नाय!’ त्यानंतर कित्येक वर्षं शेंगदाणे दिसले की तो तळहात पुढे यायचा. सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक कोंब असतो, हे मी पुढे वाचलं. ते वाचलं तेव्हा सांगायला हे नव्हते.

सरांनी फाटकासाठी हत्ती मागितला, तेव्हा यांनी तीच बनवली. सोंडेच्या सुरकुत्या थापीने काढल्या नाहीत, ओल्या सिमेंटवर बोटं दाबून काढल्या. खालच्या बाजूने हात फिरवून बघा, बोटं सापडतील. यांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती केल्या. त्यांच्यावर रंग चढले, फरश्या लागल्या. त्यांतली कुठली यांची, हे मलाही सांगता यायचं नाही. ही एकच आहे, जिच्यावर मी हात ठेवू शकते.

आणि आता ड्रिल मशीन आणून तिच्या तोंडाला दोन भोकं पाडणार. बाहेर परांची बांधून झाली आहे. भाग्येश, तू मनापासून आणलंस, सुळे सुबकही झालेत. पण त्या तोंडात लोखंडी सळया आहेत, जाळी आहे. समुद्र इथून किती लांब? खाऱ्या हवेत आपल्या खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते इथे कोणाला माहीत नाही? काम संपवताना हे म्हणाले होते, ‘लोखंड कुठं उघडं पडू द्यायचं नाय. एकदा वारा आत शिरला का आतून फुगते, मग तोंड फुटते.’ हेही मी बैठकीत सांगितलं होतं. तेव्हा वडे आले होते.

कळपात हत्तीण पुढे चालते. वयाने मोठी, पाणी कुठे आहे ते आठवणारी. लेकी, नाती, पिल्लं तिच्या मागे. नर वयात आले की वेगळे होतात. या फाटकातून इतक्या मुली शिकून बाहेर पडल्या, त्यांच्यापुढे हीच उभी असणं योग्य नाही का? आफ्रिकेतले हत्ती वाटेत दुसऱ्या हत्तीची हाडं दिसली तर थांबतात, सोंडेने हळूच चाचपतात, असंही मी याच शाळेच्या पुस्तकात वाचलंय. ते हाडांना काही जोडत नाहीत. काही सुधारत नाहीत. नुसता हात लावतात.

सर, उद्यापासून तुम्ही मुख्याध्यापक नाही. आज संध्याकाळपर्यंत आहात. बाहेर परांचीवर चढलेला माणूस तुमच्याच शब्दाची वाट बघतोय. त्याला खाली उतरायला सांगा. सुळे ग्रंथालयाच्या कपाटावर ठेवू, खाली भाग्येशचं नाव लिहू, मुलांना नर आणि मादी दोन्ही शिकवू. हे मी हात जोडून मागते आहे.

फीत कापायला मला बोलावलंत, हा मान मोठा आहे. त्याबद्दल समितीचे, सरांचे, शाळेचे मी आभार मानते. पण ही कात्री मी तबकात परत ठेवते आहे, सर, तुमच्या समोर. निरोपाच्या दिवशी कडू बोलले, वेळही जास्त घेतला. त्याचा राग माझ्यावर धरा, पोटात घालता आला तर घाला. तिच्या तोंडाला हात लावू नका.

मी आता बाहेर तिच्यापाशी जाऊन बसते. नमस्कार.