आभाळाकडे पाहणारे दिवे

१२ मे. दिवसभर रणरणतं ऊन, संध्याकाळी सुसाट वारा.

जुन्या गाडीचे मिणमिणते दिवे काढून मी बुऱ्हाणपुरात नवे एलईडी बसवले. भिंतीसमोर गाडी लावून झोतही मापून घेतला, पण रिकाम्या गाडीत! फोपनार गावाहून रात्री निघताना माझ्या मेहुण्यानं, शरदनं, डिकीत केळीचे घड कोंबले आणि तो शेजारी बसला. गाडी मागून बसली, पुढून उचलली आणि सगळा उजेड वर गेला.

"दाजी, रस्ता पाहायचाय की कावळ्यांची घरटी?"

"घड तुझेच ना? उतरव मग."

"राहू द्या हो, हळू चालवा."

हळूच चालवत होतो. वळणावर त्या उजेडात हवेत एक रेघ चमकली. मी करकचून ब्रेक दाबला. वाऱ्यानं खांब वाकून विजेची तार रस्त्यावर आडवी आली होती, थेट आमच्या काचेच्या उंचीला. झोत खाली असता तर ती दिसलीच नसती. मी गाडीत बसूनच वीज कंपनीला फोन लावला.

शरद हळूच म्हणाला, "दाजी, घडांना हात लावू नका."

लाइनमननं येऊन वीज बंद केली आणि तार बाजूला घेतली. तोवर ती गाडीपासून दोन हातांवर होती.