पलंगाची रुंदी

उरणच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगा आणि एक मुलगी, मांडीवर वखारीतले लाकडाचे नमुने घेऊन बसले होते.

"चाटून बघ, राही. लाकूड ओलं केलं की पॉलिशनंतरचा रंग दिसतो."

"शी! तूच चाट, गणराज."

"चाटलं. हे आफ्रिकेचं."

"ईऽ, जीभ लाल झाली! घरी विचारतील, पान कुठं खाल्लंस?"

"मग हे काळं घेऊ?"

"नको रे, अंधारात दिसणार न्हाय. पाय आपटेल माझा."

"तुझा? पलंग तर माझ्या घरी जाणार हाय."

राहीनं काळा तुकडा त्याच्या हातात परत दिला.

"राही?"

"लालच घे."

"घेतो. सुतार फोनवर विचारतोय, रुंदी किती?"

"मला काय विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

"सहा फूट सांग. आणि भिंतीकडची बाजू माझी."