दुपट्ट्याखालचा पडदा

— त्या वायरीवर पाय नका देऊ, पुनाराम, तिच्यावरच माझं सारं दुकान उभं आहे. कोण? खेमराज गुरुजी होय. उजेड तुमच्या पाठीमागून येऊन राह्यला, म्हणून चेहरा कळला नाही. बसा. काहून आले ते मले माहीत आहे. तुमच्या गावच्या रपट्याची, नाल्यावरच्या त्या ठेंगण्या पुलाची बातमी. नाही छापली, हौ. पहिली पाठवली तेव्हा रपट्याले नुसतं भगदाड पडलं होतं — दाबली. मग तुमच्या शाळेतली गीता सायकलसकट त्या भगदाडात गेली, हात मोडला पोरीचा, मी दुसरी पाठवली — तीही दाबली. ठेकेदाराच्या जाहिराती येतात ना पेपरात, मग? बालाघाटातून बातम्या पाठवता पाठवता केस पिकले माझे, बातमी कशी मरते हे मले कोणी शिकवू नये. तुमच्या गावच्या सभेत उभा राहून मी सांगितलं ना, पोरीचा हात आमच्या संपादकानं मोडला. आजही तेच म्हणतो.

हे? लॅपटॉप ऑफिसचा, हा डबा मॉनिटर माझा. लिनक्स आहे त्यात — विंडोजले पैसे पडतात, हे फुकट, म्हणून बातमीदाराच्या गळ्यात. अक्षरं म्हणजे मुंग्या. पडदाच खराब दिला, दुसरं काय. मग मी हा जुना मॉनिटर आणला, ही निळ्या टोकाची वायर मागे खोचली — काही नाही, काळाकुट्ट. केदारले फोन लावला, तो नागपुरात आमच्या पेपरचे कॉम्प्युटर पाहते. तो म्हणे, काका, मी सांगतो ते जसंच्या तसं टाइप करा. केलं. दोन्हीकडे एकच चित्र आलं, त्याच मुंग्या, जराशा फुगलेल्या. म्हटलं, हे नाही पाहिजे, मोठ्या पडद्याचं वेगळं कर, मले ठसठशीत अक्षर दे. तो म्हणे, मग दोन टेबलं शेजारी-शेजारी लावल्यासारखं होईल, काका, एकावरचं दुसऱ्यावर दिसणार नाही, लक्ष दोन्हीकडे ठेवा. ठेवीन म्हटलं. पण त्या लहान्याचा उजेड डोळ्यात टोचते, आणि झाकण लावलं की मशीन झोपून जाते — म्हणून अर्धं लोटलं आणि वर दुपट्टा टाकून दिला. आता पाहा मोठ्यावर, एका ओळीत चार शब्द, वटाण्याएवढी अक्षरं. काम झालं की नाही?

असे काय पाहता? डॉक्टरले दाखवलं ना. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणे, हे मागच्या बाजूचं आहे, हे — जाऊ द्या ते. नागपूरले कळलं तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा कोणी बसेल. तो जाईल तुमच्या रपट्यावर? मी तुमच्याच मोटारसायकलवर मागे बसून आलतो की नाही?

आणि तो देवेंद्र, डेस्कवरचा — माझ्याच हाताखाली शिकला. त्याले याच मशीनवरून लिहून विचारलं, बातमी कुठं गेली? उत्तर नाही. परत विचारलं. नाही. फोन? फोन मी उचलतच नाही आताशा, ठेकेदाराची माणसं शिव्या देतात, आणि नाव त्या मोबाइलच्या डबीवर दिसते कुठं कोणाचं. आज सकाळी मग लिहूनच टाकलं त्याले — तुम्ही सारे विकले गेले, माझं नाव तुमच्या पेपरात ठेवू नका. बरोबर केलं की नाही? बोला ना.

अरे, दुपट्टा काहून उचलला? घसरला? टाका परत. — काय म्हणता? माझ्या पडद्यावर तर काहीच नाही. लहान्यावर? कोणाचं आहे? देवेंद्रचं? वाचा. मोठ्यानं वाचा, गुरुजी, वर्गात वाचता तसं.

पहिल्या पानावर घेतो म्हणते? नीट वाचा, पहिल्या पानावर असंच लिहिलं आहे? ठेकेदाराची बाजू. एक ओळ. एवढंच पाहिजे होतं त्याले? पुढचं वाचा. पान थांबवलं आहे. पुढचं. काका, फोन उचला. पुढचं — तेच. अन् त्याच्या पुढचंही तेच.

सगळ्यात वरचं कधीचं आहे? तारीख असेल बाजूले. बारीक असेल, पाहा.

गीता पडायच्या आधीची.

पक्कं?

हौ. हौ, ऐकलं मी.

नाही, पाणी नको. सगळ्यात खाली काय लिहिलं आहे, आजचं, माझ्या सकाळच्या लिहिण्यावर? — नका वाचू. राहू द्या. कटंगीची बस निघून जाईल तुमची, उठा. गावात काय सांगायचं ते तुम्ही पाहा, मी काही म्हणत नाही. — नाही, दुपट्टा नका टाकू त्याच्यावर. उघडाच राहू द्या. जा म्हटलं ना, गुरुजी.